कडबा, कोटीपोट आणि काळ



ज्या पशुवैद्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सारं आयुष्य लोकांच्या गोठ्यांत गेलं. आजारी जनावर पाहण्याआधी ते गव्हाणीत काय उरलंय ते पाहत आणि मग शेण पाहत, असं त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं सांगतात. म्हणून आजच्या व्याख्यानाला रोग किंवा औषध असा विषय न घेता वैरणीचा घ्यावा, असं मी सुचवलं. गाय चोथा कसा पचवते आणि ते पचन गणितात कसं मांडतात, हा आजचा विषय. गणिताच्या नावाने कुणी बिचकू नये. आपल्याला लागणार आहे तो एक भागाकार.

मला सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. कडबा किती टक्के पचतो, या प्रश्नाचं उत्तर एकट्या कडब्याला देता येत नाही. तो पोटात किती वेळ राहिला, हे कळल्याशिवाय ते उत्तर पुरं होत नाही. ही साधी गोष्ट शास्त्राला आकड्यांत मांडता यायला 1972 साल उजाडावं लागलं, आणि आपल्या गोठ्यांपर्यंत ती अजून नीट पोचलेली नाही.

आधी पोटाकडे पाहू. मोठ्या संकरित गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, शंभर ते दीडशे लिटर माल सहज मावतो. आत प्राणवायू जवळपास नाही, तापमान एकोणचाळीस अंशांच्या आसपास, आणि दर मिलिलिटरला हजार कोटींच्या घरात जिवाणू. दुभती गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळते आणि सहा ते आठ तास रवंथ करते. ही सगळी तयारी अशासाठी, की सेल्युलोज तोडणारं विकर गाईच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाही. कोणत्याही सस्तन प्राण्याच्या शरीरात होत नाही. गाय वैरण चावते, भिजवते, ऊब देते, ढवळते. तोडण्याचं काम सूक्ष्मजीव करतात. त्यांच्या कामातून अ‍ॅसेटिक, प्रोपियॉनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं तयार होतात. ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे सत्तर टक्के वाटा त्यांतूनच येतो.

या सूक्ष्मजीवांची ओळख रॉबर्ट हंगेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने करून दिली. त्यांनी सुरुवात वाळवीच्या पोटापासून केली होती. लाकूड खाणाऱ्या किड्याकडून ते गवत खाणाऱ्या गाईकडे आले, आणि प्राणवायू लागला की मरणारे जिवाणू काचनळीत कसे वाढवायचे ते त्यांनी शोधलं. पुढे 1975 साली इंग्लंडमध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवलं, की ज्यांना तोवर सगळे आदिजीव समजत होते त्यांतले काही जीव खरं तर बुरशीचे फिरते बीजाणू आहेत. प्राणवायूशिवाय बुरशी जगते यावर आधी विश्वास बसणं कठीण गेलं. कडब्यावर गुरं जगवणाऱ्या देशासाठी हा शोध फार मोलाचा आहे, कारण ही बुरशी आपले तंतू ताटाच्या कठीण भागात घुसवते, त्याला भेगा पाडते आणि जिवाणूंना आत शिरायला वाट करून देते.

आता चोथ्याकडे येऊ. चोथा मोजायचा कसा? जर्मनीत ग्यटिंगेनजवळच्या व्हेंडे इथे हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी 1860च्या दशकात एक पद्धत बसवली. आधी पातळ आम्लात उकळायचं, मग पातळ अल्कलीत उकळायचं, आणि जे उरेल त्याला कच्चे तंतू म्हणायचं. पशुखाद्याच्या पोत्यावर आजही हाच आकडा छापलेला असतो. त्यात मोठी खोट आहे. अल्कलीत लिग्निनचा, म्हणजे ताटाला ताठपणा देणाऱ्या घटकाचा, आणि हेमिसेल्युलोजचा बराचसा भाग विरघळून जातो आणि हिशेबात तो ‘सहज पचणाऱ्या’ रकान्यात जाऊन बसतो. काडासारख्या वैरणीत मग असं विचित्र उत्तर येतं, की सहज पचणाऱ्या भागापेक्षा तंतूच जास्त पचले. शंभर वर्षं हे चालू राहिलं.

ती कोंडी फोडली पीटर व्हान सूस्ट यांनी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात असताना 1960च्या दशकात त्यांनी आम्ल-अल्कलीऐवजी डिटर्जंट वापरलं. शाम्पूत असतं त्याच जातीचं. तटस्थ डिटर्जंटमध्ये तासभर उकळलं की पेशीच्या आतला ऐवज, म्हणजे साखर, प्रथिनं, स्निग्धांश, धुऊन निघतो आणि पेशीभित्तिका उरते. तिला एनडीएफ म्हणतात. आम्लयुक्त डिटर्जंटमध्ये हेमिसेल्युलोजही जातं आणि उरतं ते एडीएफ, म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन. पेशीच्या आतला ऐवज कोणत्याही जनावराला जवळपास पूर्ण पचतो. वैरणी-वैरणीतला खरा फरक भिंतीत असतो. पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेल्यावर व्हान सूस्टनी हा विचार रवंथ करणाऱ्या साऱ्या प्राण्यांना लावला, आणि त्यांचं 1982चं पुस्तक आजही आमच्या क्षेत्रात उशाशी ठेवण्याजोगं मानतात.

पण भिंत किती आहे हे कळलं म्हणून ती किती पचेल हे कळत नाही. तिथे काळ येतो.

1956 साली स्कॉटलंडमध्ये केनेथ ब्लॅक्सटर, ग्रॅहम आणि वेनमन यांनी मेंढ्यांवर एक सुरेख प्रयोग केला. एकच वाळवलेलं गवत, पण रूपं वेगळी: लांब, भरडलेलं आणि अगदी बारीक दळलेलं. काही कण रंगवून खायला घालायचे आणि लेंड्यांत ते केव्हा, किती निघतात ते मोजायचं. बारीक दळलेलं गवत लवकर बाहेर पडलं आणि कमी पचलं. मेंढीला जास्त खाऊ घातलं तेव्हाही तेच झालं. गवत तेच, मेंढी तीच, रासायनिक पृथक्करण तेच, आणि पचन मात्र वेगळं. तक्त्यातल्या एका आकड्यावर विसंबून राहण्याचे दिवस खरं म्हणजे तेव्हाच संपायला हवे होते.

दुसऱ्या बाजूने, कोटीपोटाच्या आत काय घडतं ते पाहण्याचीही सोय होती. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑन्डरस्टपूर्ट इथे 1938 साली क्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमी पिशव्यांत वैरण भरून त्या मेंढ्यांच्या कोटीपोटात सोडल्या होत्या. आज त्याच पिशव्या नायलॉनच्या असतात, छिद्रं मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. गाईच्या डाव्या भकाळीला शस्त्रक्रियेने बसवलेल्या रबरी बुचातून त्या आत सोडायच्या, आणि सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर, शहाण्णव तासांनी एकेक काढून पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, वाळवायची, तोलायची.

मोजमापाचा नमुना भरडलेला असतो. पण विद्यार्थ्यांना दाखवायला मी कधी कधी ज्वारीच्या कडब्याचे न भरडलेले तुकडेही वेगळ्या पिशवीत घालत असे. त्यात दिसतं ते सांगतो. सहा तासांनी पिशवी काढली तर तुकडे नुसते भिजून काळपट झालेले असतात. बोटाने दाबलं तरी मूळचा कडकपणा तसाच असतो. सूक्ष्मजीवांना बस्तान बसवायला वेळ लागतो, तो हा. चोवीस तासांनी पात्याची जाळी होते; मधली शीर शाबूत, दोन्ही बाजूंचा हिरवट भाग विरलेला. अठ्ठेचाळीस तासांनी ताटाच्या तुकड्यातला गाभा पोकळ, लिबलिबीत होतो आणि आतल्या शिरा सुट्या दोऱ्यांसारख्या हाताला लागतात. शहाण्णव तासांनी पातं गेलेलं असतं, गाभा गेलेला असतो, आणि ताटाची बाहेरची साल मात्र नखाला टोचेल इतकी धारदार असते. पिशवी आणखी कितीही तास आत ठेवा, तिच्यात फारसा फरक पडत नाही.

या दर्शनात तीन गोष्टी आहेत: सुरुवातीची ढिलाई, मधला झपाटा, आणि शेवटी कधीच न पचणारा भाग. पचनाचं गणित याच तिन्हींवर उभं आहे. मधल्या काळात दर तासाला शिल्लक भागाचा ठरावीक हिस्सा पचतो. समजा तासाला चार टक्के. उरलेलं जसं घटतं, तसं पचणंही घटतं, आणि आलेख उताराने येऊन सपाट होतो. 1979 साली अ‍ॅबरडीनच्या रोवेट संस्थेत मूळचे डेन्मार्कचे एगिल ऑर्स्कोव्ह आणि मॅकडोनाल्ड यांनी या आलेखाचं जे सूत्र दिलं, ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात.

पण पिशवी बांधलेली असते, वैरण मोकळी असते. मोकळा कण पचायला थांबेलच असं नाही. तो पुढेही सरकतो. बेल्ट्सव्हिलच्या वाल्डो, स्मिथ आणि कॉक्स या तिघांनी 1972 साली नेमकी हीच जोड घातली. त्यांनी आधी तंतूंचे दोन भाग केले: पचू शकणारा आणि कधीच न पचणारा. मग म्हटलं, की पचू शकणाऱ्या भागाला कोटीपोटातून बाहेर पडायला दोन वाटा आहेत. एक पचून जाण्याची, दुसरी न पचता पुढे सरकण्याची. दोन्हींचा आपापला दर आहे. मग किती पचणार? पचनाचा दर भागिले दोन्ही दरांची बेरीज. तुम्हाला कबूल केलेला भागाकार तो हाच.

करून पाहू. पचनाचा दर तासाला चार टक्के. बसून असलेला बैल, खाणं बेताचं, सरकण्याचा दर तासाला दोन टक्के. चार भागिले सहा, म्हणजे पचू शकणाऱ्या भागातला दोन तृतीयांश पचला. आता तोच कडबा दुभत्या गाईला घातला. ती पोटाला ताण देऊन खाते, वरून पेंड खाते, पाणी पिते. सरकण्याचा दर तीन टक्के झाला. चार भागिले सात, म्हणजे सत्तावन्न टक्के. तंतूंतला पस्तीस टक्के भाग कधीच न पचणारा धरला, तर एकूण शंभर किलो तंतूंतले बैलाला त्रेचाळीस किलो मिळाले, गाईला सदतीस. कडबा एकाच गंजीतला. म्हणून देखभालीपुरतं खाणाऱ्या जनावरांवर मोजलेले तक्त्यांतले आकडे दुभत्या गाईला जसेच्या तसे लावू नयेत.

या सूत्रातून जे दुसरं निघतं, ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. कॉर्नेलमध्ये व्हान सूस्ट यांच्याकडे डेव्हिड मर्टेन्स यांनी 1973 साली पीएच.डी. पूर्ण केली. त्यांचा विषय होता पेशीभित्तिकेचं पचन आणि वैरणीचं खाणं गणिताने बांधणं. गाय किती पचवते यापेक्षा ती किती खाऊ शकते, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. निकस वैरणीवरची गाय भूक भागली म्हणून थांबत नाही. पोटात जागा नाही म्हणून थांबते. मग ही जागा कोण अडवतं?

एखाद्या धर्मशाळेत दोन प्रकारचे वाटसरू येतात असं समजा. एक लवकर मुक्काम हलवणारे, दुसरे हटकून रेंगाळणारे. रेंगाळणारे रोज संख्येने कमी आले तरी कोणत्याही दिवशी खोल्या त्यांनीच भरलेल्या दिसतील. कोटीपोटातही तसंच होतं. समजा गाय दिवसाला सहा किलो तंतू खाते, म्हणजे तासाला पाव किलो. त्यातला पस्तीस टक्के न पचणारा. त्याला बाहेर पडायला एकच वाट, तासाला दोन टक्क्यांची. पचणाऱ्याला दोन वाटा, मिळून सहा टक्क्यांच्या. हिशेब केला तर कोणत्याही क्षणी कोटीपोटात न पचणारे तंतू सुमारे 4.4 किलो आणि पचणारे 2.7 किलो असतात. गव्हाणीत जो भाग जेमतेम तिसरा हिस्सा होता, त्याने पोटातली बासष्ट टक्के जागा घेतली!

आता याच गणिताने पुढचा प्रश्न विचारा. न पचणारा भाग पस्तीसवरून तीस टक्क्यांवर आणला, तर काय होईल? पोटातला भार तेवढाच ठेवून गाय सहाऐवजी सुमारे 6.4 किलो तंतू खाऊ शकेल, आणि त्यातला जास्त हिस्सा पचेल. पचलेले तंतू 2.6 किलोंवरून जवळपास तीन किलोंवर जातात. वैरणीत फरक पाच टक्क्यांचा, पण गाईला मिळालेल्या ऐवजात सुमारे 14 टक्के वाढ. दोन लाभ एकमेकांना गुणतात. गोठ्यात हे जाणवतं, पण तक्त्यात दिसत नाही, कारण तक्त्याला पोट नसतं आणि पोटाला मर्यादा असते.

आपले व्यापारी हे गणित न मांडता जाणतात. हैदराबादच्या बाजारात ज्वारीचा कडबा शहरी गोठेवाल्यांना विकला जातो. तिथल्या व्यवहाराचा अभ्यास मिकाएल ब्ल्यूमेल आणि पार्थसारथी राव यांनी केला. 47 टक्के आणि 52 टक्के पचनीयतेच्या कडब्यांच्या भावात सुमारे पंचवीस टक्क्यांचा फरक पडत होता. विकत घेणाऱ्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. तो पाल्याचं प्रमाण पाहतो, ताटाची जाडी पाहतो, ताट मोडून चव घेतो, रंग पाहतो. पाच टक्क्यांसाठी पाव भाव जास्त देणारा माणूस भाबडा नाही, हे वरच्या हिशेबावरून आपल्या लक्षात आलं असेल.

वाल्डोंच्या सूत्रात एक अडचण होती, आणि ती दुरुस्त करताना गाईबद्दलचा आदर वाढतो. त्या सूत्रात कोटीपोटातला कोणताही कण कोणत्याही क्षणी बाहेर पडू शकतो, मग तो आत्ता गिळलेला असो की दोन दिवसांपूर्वीचा. प्रत्यक्षात नवा कण बाहेर पडूच शकत नाही. तो लांब असतो. पचनाच्या वायूचे बुडबुडे त्याला चिकटतात, म्हणून तो तरंगतो आणि वरच्या गादीत अडकतो. रवंथ करताना तो पुन्हा तोंडात येतो, बारीक होतो. पचत जाताना वायू सुटतो, कण जड होतो, बुडतो आणि जाळीपोटाकडे, म्हणजे शेजारच्या कप्प्याकडे, जातो. पुढच्या दारातून पार होणारे बहुतेक कण 1.18 मिलिमीटरच्या चाळणीतून जाण्याएवढे बारीक झालेले असतात. टेक्सासच्या एलिस, मॅटिस आणि पाँड यांनी, तसंच अ‍ॅलन आणि मर्टेन्स यांनी, ही रांग गणितात आणली.

फरक किती पडतो पाहा. एकूण मुक्काम सरासरी पन्नास तासच ठेवा. साध्या सूत्राने सदुसष्ट टक्के पचन होतं. आता त्याच पन्नास तासांतले पहिले वीस, सरासरीने, बाहेरचं दार बंद असलेल्या गादीत आणि उरलेले तीस दार उघडं असलेल्या भागात घालवले, तर तोच भागाकार दोनदा केल्यावर उत्तर येतं पंचाहत्तर टक्के. वेळ तेवढाच, वैरण तीच. कुणाला आधी जाऊ द्यायचं आणि कुणाला थांबवायचं, याच्या शिस्तीने आठ टक्के जास्त मिळाले. शरीराने ही चाळणी बांधायला किती पिढ्या घेतल्या असतील, याचा विचार मनात येतो तेव्हा मला या प्राण्यापुढे नम्र व्हावंसं वाटतं.

आता गोठ्यात येऊ. इथे मांडलेलं गणित उपयोगाचं नसेल तर ते कागदावरच राहो. मला ते उपयोगाचं वाटतं, कारण रोजच्या सवयींतली कोणती कोणत्या दराला हात घालते, हे त्यावरून कळतं.

पहिली सवय: नुसत्या कडब्यावर जनावर ठेवणं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं चार टक्क्यांच्या आसपास. वैरणीत ती सात टक्क्यांच्या खाली गेली की सूक्ष्मजीवांना नायट्रोजन अपुरा पडतो. म्हणजे पचनाचा दरच बसतो. तासाला चार टक्क्यांचा तीन झाला, की दोन तृतीयांशाचे साठ टक्के होतात, शिवाय पचणारा भागही पोटात जास्त काळ जागा अडवतो आणि खाणं घटतं. अशा वेळी थोडा लसूणघास, थोडी पेंड किंवा युरिया-मळीची चाटण वीट जे काम करते, ते तिच्यातल्या पोषणमूल्याच्या मानाने मोठं दिसतं. आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने 1980च्या दशकात चाटण विटांचं जे काम केलं, त्यामागे हीच दृष्टी होती: गाईच्या आधी तिच्या सूक्ष्मजीवांना जेवू घाला. युरियाची मात्रा आणि सवय लावण्याची पद्धत मात्र जाणकाराला विचारूनच ठरवावी. चुकीच्या मात्रेने जनावर दगावतं.

दुसरी सवय याच्या उलटी. दूध वाढावं म्हणून मक्याचा भरडा आणि पेंड एकाच वेळी भरपूर द्यायची. स्टार्च झपाट्याने आंबतं, कोटीपोटाची आम्लता वाढते, सामू सहाच्या खाली उतरतो आणि तंतू तोडणारे जिवाणू कामच थांबवतात. चोथ्याचा पचनाचा दर कोसळतो. शेतकरी म्हणतो, एवढा खुराक देतोय आणि दूध त्या मानाने नाही. खुराकाने जे दिलं, त्यातलं काही कडब्याकडून काढून घेतलं. तोच खुराक दिवसात तीन-चार वेळा विभागून आणि आधी वैरण खाऊ घालून दिला, तर बराच फरक पडतो.

तिसरी सवय कुट्टीची. कडबा कुट्टी करून घाला, हा सल्ला मीही देतो, कारण पायाखाली जाणारी वैरण वाचते. पण कुट्टीने पचन वाढतं असं सरसकट सांगतात, ते बरोबर नाही. फार बारीक कुट्टी लवकर सरकते. ब्लॅक्सटर यांच्या मेंढ्यांनी तेच दाखवलं होतं. रवंथ कमी, लाळ कमी, आम्लतेला आवर कमी. इंचभर लांबी पुरे. आणखी एक. अख्खी पेंढी टाकली की गाय पाला आणि कोवळे शेंडे निवडून खाते आणि बुडखे सोडते. ती निवड तिच्या हिताची असते. कुट्टी केली की निवडीची मुभा जाते. ज्याच्याकडे कडबा भरपूर आहे, त्याने दुभत्या गाईला निवडू द्यावं आणि उरलेले बुडखे भाकड जनावरांना कुट्टी करून घालावेत. ज्याच्याकडे टंचाई आहे, त्याने सगळ्याचीच कुट्टी करावी.

आपल्या गोठ्यात हे दोन दर कसे चाललेत ते पाहायला यंत्र लागत नाही. मूठभर ताजं शेण पिठाच्या चाळणीत घ्या आणि नळाखाली धुवा. चाळणीत बोटाच्या पेराएवढे लांब तुकडे उरले, तर कण वेळेआधी निसटताहेत. दाणे दिसले, तर भरडा जाड आहे किंवा घाई झाली आहे. दुपारी निवांत बसलेली गुरं मोजा. त्यांतली निम्म्याहून कमी रवंथ करत असतील, तर कुट्टी बारीक आहे किंवा खुराक जास्त आहे.

या पायावर पुढे मोठमोठी प्रारूपं उभी राहिली. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ली बाल्डविन यांनी 1987मध्ये अख्ख्या दुभत्या गाईचं प्रारूप मांडलं, त्याचं नाव ‘मॉली’. कॉर्नेलची कार्बोदक-प्रथिन प्रणाली 1990च्या दशकात आली आणि आज अनेक देशांत गाईचं रेशन तिच्यावर बेततात. कधीच न पचणारा भाग आधी लिग्निनला 2.4ने गुणून अंदाजाने काढत. आता कोटीपोटाच्या रसात नमुना 240 तास ठेवून तो प्रत्यक्ष मोजतात. ही प्रारूपं मका मुरघास आणि ल्युसर्नवर जगणाऱ्या होल्स्टाइन गाईसाठी घडली. त्यांतले दर उचलून मालदांडी ज्वारीच्या कडब्यावरच्या खिलार किंवा संकरित गाईला लावू नयेत. सूत्र मात्र दोघींना सारखंच लागू पडतं.

मिथेनबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण आपल्या गुरांवर तो आरोप वारंवार होतो. तंतू पचताना हायड्रोजन सुटतो आणि तो काही सूक्ष्मजीव मिथेनमध्ये बांधतात. गाईने खाल्लेल्या एकूण ऊर्जेतली सहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा अशी जाते. वैरण पोटात जास्त रेंगाळली तर किलोमागे मिथेन वाढतो, हे खरं. पण निकस वैरणीवर गाय दोन लिटर दूध देत असेल तर सगळा मिथेन त्या दोन लिटरांच्या नावे पडतो. तीच गाय पोट तेवढंच ठेवून बऱ्या वैरणीवर चार लिटर देऊ लागली, तर लिटरमागचा हिशेब कितीतरी हलका होतो. मिथेन कमी करायचा रस्ताही कडब्यातल्या न पचणाऱ्या भागावरूनच जातो.

तो भाग कमी करता येतो. 1924 साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये मक्याचं एक रोप सापडलं, त्याच्या पानाची मधली शीर तपकिरी होती. लिग्निन कमी झाल्याची ती खूण ठरली. ज्वारीतही पर्ड्यू विद्यापीठात 1970च्या दशकात तशी रोपं घडवली गेली. त्यांचा कडबा जास्त पचतो. पण लिग्निन हा ताटाचा कणाही आहे. तो फार कमी केला तर पीक लोळतं, आणि रब्बीत वाऱ्याला उभं राहणारं ताट आपल्याला हवंच. म्हणून एका टोकाला धावण्यापेक्षा, आज शेतात असलेल्या वाणांतच कोणाचा कडबा किती पचतो हे मोजणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेली मालदांडी 35-1 1930च्या दशकातली. तिच्यापुढे कितीतरी वाणं आली, पण कडब्यासाठी शेतकरी अजून तिचंच नाव घेतो. त्याचं कारण तपासून आकड्यांत मांडायला हवं.

आपल्याकडे ज्वारीचं नवं वाण प्रसारित होतं तेव्हा पत्रकात दोन आकडे ठळक असतात: हेक्टरी धान्य किती क्विंटल आणि हेक्टरी कडबा किती. माझी कृषी विद्यापीठांना आणि इथे बसलेल्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे, की त्या पत्रकात आणखी दोन आकडे छापले जावेत. 240 तासांनंतरही न पचलेला तंतू किती, आणि तीस तासांत पचला किती. ज्या शेतकऱ्याला ज्वारी खायलाही लागते आणि गाय जगवायलाही लागते, त्याला पेरणीआधीच कळू द्या, की तो कोणता कडबा दारात आणतो आहे.